उंची नेमकी कुठवर मोजायची?

महोदय,

एखाद्या शहरात नवा मनोरा उभा राहिला की ‘सर्वांत उंच’ हे विशेषण मथळ्यात येते आणि शेजारी मीटरमधला एक आकडा छापला जातो. तो आकडा इमारतीच्या कोणत्या टोकापर्यंतचा, हे मात्र बातमीत क्वचितच सापडते.

दुबईच्या बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्यातल्या वरच्या सुमारे २४४ मीटरमध्ये माणसांच्या वावराचा एकही मजला नाही. तेवढाच तुकडा वेगळा काढून जमिनीवर उभा केला, तर तोही अनेक शहरांत गगनचुंबी म्हणून मिरवेल. उंच इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नियमानुसार वास्तुरचनेचा भाग असलेले निमुळते शिखर उंचीत धरले जाते, अँटेना धरली जात नाही. याच नियमाच्या आधारे क्वालालंपूरच्या ४५२ मीटरच्या पेट्रोनास मनोऱ्यांनी शिकागोच्या ४४२ मीटरच्या सिअर्स टॉवरला मागे टाकले. वास्तविक सिअर्सचे छप्परही अधिक उंच होते आणि सर्वांत वरचा मजलाही. त्यावरून एवढा वाद झाला की परिषदेला शिखर, वापरातला शेवटचा मजला अशा वेगवेगळ्या उंचींच्या स्वतंत्र याद्या कराव्या लागल्या.

ही खोड जुनीच आहे. १९२९मध्ये न्यूयॉर्कला क्रायस्लर इमारत आणि वॉल स्ट्रीटवरचा एक मनोरा यांच्यात चुरस लागली होती. क्रायस्लरच्या वास्तुरचनाकाराने सुमारे ५६ मीटरचे पोलादी शिखर इमारतीच्या पोटातच गुपचूप जुळवून घेतले आणि प्रतिस्पर्ध्याची उंची ठरून गेल्यावर अवघ्या दीड तासात ते घुमटातून वर काढून बसवले. (कारागिरी म्हणून मला त्याचे आजही कौतुक वाटते.) पण त्या दीड तासात इमारतीत राहण्या-वावरण्याजोगी एक खोलीही वाढली नव्हती, आणि पुढे दोन वर्षांच्या आत एम्पायर स्टेटने ३८१ मीटर गाठून तो मानही हिरावून घेतला.

शिखराला माझा विरोध नाही. क्षितिजरेषेला त्याने डौल येतो. मात्र आपल्या वृत्तपत्राने अशा बातम्यांत एकूण उंचीशेजारी वापरातल्या शेवटच्या मजल्याची उंचीही द्यावी, अशी विनंती आहे. ही माहिती परिषदेच्या नोंदींत उपलब्ध असते आणि त्यासाठी एखादी ओळच जास्त लागेल.

आपला,
एक नियमित वाचक