काकू, तुम्ही ठेवलेल्या अर्ध्या इंच मायेबद्दल

काकू, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही मला माहीत आहे, तुमच्याजवळ तो बटनाचा फोन, त्याचाही टॉर्चच जास्त वापरता, पण तुमची नात वाचून दाखवल आणि तुम्ही म्हणसाल "काय व हे, चव्हाट्यावर कायले टाकलं", तर त्याची आधीच माफी मागते. तोंडावर आभार मानायला दोनदा आली होती मी, दोन्ही वेळा तुम्ही मशीन चालू केली आणि म्हटलं काही ऐकू येत नाही. म्हणून इथं लिहून राहिली.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. काकू आमच्या गावात ब्लाऊज शिवतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, दाखले काढून देते, म्हणजे दिवसभर खुर्ची. उंची पाच फूट एक इंच आणि चार वर्षाआधी वजन होतं 74 किलो. माहेरी आजी तशी, आई तशी, मावश्या तशा, आमच्या घराण्यात पाणी पण अंगी लागते. आणि जाऊबाई माझी, पोळ्याच्या दिवशी चार पुरणपोळ्या तुपात बुडवून खाते, वरून कढी आणि भजे, तरी काडी ते काडीच. मी तिच्यावर जळत नाही असं लिहिणार होती, पण खोटं कायला बोलू.

सुरुवात आशाताईच्या (गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या) तब्येत तपासायच्या फॉर्मनं झाली. तीस वर्षावरच्या सगळ्यांचा भरतात तो, त्यात कमरेचा घेर मोजतात, बाईचा 80 सेंटीमीटरच्या आत पाहिजे, 90 च्या वर गेला की दोन मार्क, आणि इथं मार्क जास्त मिळणं म्हणजे नापास. माझा 96 भरला. आईला शुगर, त्याचे अजून मार्क. आशाताई हळूच म्हणे, ताई एकदा उपकेंद्रात येऊन जा. शुगर निघाली नाही पण काठावर होती.

मग जे जे लोक करतात ते सगळं केलं. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी डब्यातल्या पावडरचा शेक पाजत, त्यात चार हजार घातले, महिनाभर पोट फुगलं, डबा अजून आहे, त्यात आता मोहरी ठेवते. नंतर दीक्षित डॉक्टरांचं दोन वेळचं जेवण धरलं, 55 मिनिटात उरकायचं आणि मधात काही नाही (मूळ विचार आपल्या काटोलकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, म्हणून आमच्या इकडं त्याचं जरा जास्तच कौतुक). ते मला जमलं. अकरा महिन्यात 58 वर आली. सोळा किलो म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा एक भरलेला पिपा आणि वरून एक किलो, एवढं मी अंगावर घेऊन फिरत होती.

आमच्याकडं बारीक झालं तर कोणी शाबासकी देत नाही. "सुकली काहून", "शुगर झाली का", "सासरी खायला देत नाहीत का", एक जण तर कानात म्हणे मोठ्या दवाखान्यात दाखवून घे. आई बसस्टँडवर मला पाहूनच रडायला लागली. तुमच्याकडं मी चौदा ब्लाऊज घेऊन आली, सगळे आत घ्यायला, आणि लय तोऱ्यात म्हटलं, काकू आतली माया कापून टाका, आता मी परत जाड होत नसते. माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, कोणी दाब म्हणतात. तुम्ही चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटलं, "राहू दे व माया. कापली का मंग जोडता येत नाही. अंग हाये, कमी जास्त होते."

मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. वाटलं हिला माझ्यावर भरवसाच नाही.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मग लग्नसराई, वांग्याची भाजी वरण भात आणि बुंदीच्या पंगती, मग शेतात रोडगे, मग तुरीचे सोले आले, आणि सोलेभात एक वाटी खाऊन उठणारा माणूस मी अजून पाहिला नाही. जानेवारीत काटा 62. चार किलो कसे आले मला समजलंच नाही कारण मी काही राक्षसासारखी खात नव्हती. फक्त भूक लागत होती, पहिल्यापेक्षा जास्त, जेवून उठली तरी डोक्यात भाकरच. आता दुसरी कोणी असती तर म्हणली असती तोंडावर ताबा नाही. मी पण स्वतःला तेच म्हणत होती, रात्री मोरीत उभी राहून रडत होती.

मग ऑफिसात लाईट असली की मोबाईलवर वाचायला लागली आणि तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 50 जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी खायला दिलं, वजनं उतरली, आणि वर्षभरानं रक्त तपासलं तर भूक लावणारी हार्मोन्स अजून चढलेलीच होती आणि पोट भरलं सांगणारी उतरलेली. म्हणजे अंगाला वाटते दुष्काळ पडला आणि ते गेलेलं सगळं परत मागते, वरून खर्च पण कमी करून टाकते, तेवढंच चालून पहिले जेवढं जळायचं तेवढं आता जळत नाही. जाऊबाईला हा हिशोब करावाच लागत नाही, मला रोज करावा लागते, एवढाच फरक. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बाहीला टीप मारत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मंग कापडाचं काय असते? कितीई इस्त्री मार, जुन्या घडीवरच मुडते." डॉक्टरांना एवढी पानं लागली बघा.

पण त्याच्या आधीचा दिवस सांगायचा राहिला. ब्लाऊज काखेत काचायला लागलं होतं आणि मी पंधरा दिवस तुमच्या घरावरून जायचंच टाळलं, मागच्या गल्लीनं जायची. शेवटी भाचीच्या लग्नाचं होतं म्हणून यावं लागलं. मला वाटलं आता ऐकावं लागते. तुम्ही काही बोलल्याच नाही. ब्लाऊज उलटं केलं, अर्ध्या ब्लेडनं टक टक टक शिलाई उसवली, दोरे फुंकले, मायेतून अर्धा इंच सोडला आणि मशीनवर मारून दिला, पाच मिनिट पण नाही लागले. पैसे घेतले नाहीत. मग कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेली ती हिरवी डायरी काढली, माझं पान उघडलं, नवीन माप लिहिलं, तारीख टाकली आणि म्हणाल्या, "दर सोमवारी येजो. माप देऊन जाजो."

आणि मग ती पिशवी.

आता ज्यांनी शहरात राहून चालायला जाऊन पाहिलं त्यांना हे समजणार नाही. गावात बाई रिकामी चालत नाही. पाण्याला जाते, वावरात जाते, दळण घेऊन जाते. नुसती चालायला निघाली की पाराजवळून तीन जण विचारतात कुठं चालली, परत येताना तेच तीन विचारतात कुठं गेली होती, आणि चौथ्या दिवशी सासूबाईच्या कानावर काहीतरी वेगळंच येते. मी दोनदा सुरू करून बंद केलं होतं. तुम्हाला हे मी सांगितलं पण नव्हतं. तुम्ही खुंटीवरची कापडी पिशवी काढली, त्यात पलीकडच्या गावच्या बायांचे ब्लाऊज, फॉल पिकोच्या साड्या घातल्या आणि म्हणाल्या, "हे देऊन येजो उद्या सकाळी. कोणी इचारलं त सांगजो ब्लाऊज द्याले चालली." अडीच किलोमीटर जाणं, अडीच येणं. काकू, मला माहीत आहे त्या बाया आधी स्वतः येऊन आपले कपडे घेऊन जात होत्या. तुम्ही त्यांना काय सांगितलं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. काही सकाळी तर पिशवीत जुन्या चिंध्याच होत्या, मी नाल्याच्या पुलावर उघडून पाहिली आणि एकटीच हसत बसली.

उन्हाळ्यात 44, 45 डिग्री होते म्हणून पहाटे पाचला निघते, तेव्हाही रस्ता कोमटच असतो. पावसाळ्यात काळी माती, चपलेला चिकटून चिकटून एक पाय दोन किलोचा होते, तो वेगळाच व्यायाम. संध्याकाळी जात नाही, रानडुकरं असतात. त्या फॉर्ममध्ये आठवड्याला 150 मिनिटं हालचाल लिहिली होती, माझी आता 350 च्या पुढं जाते.

टेपचं पण सांगते. तुमच्या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे, त्यामुळं सगळं एक इंच जास्त दिसते आणि तुम्ही मनात वजा करता, हे मला दोन महिने माहीतच नव्हतं. एका सोमवारी मीच वाकून पाहिलं, 35! माझा चेहरा पाहून तुम्ही एवढ्या हसल्या की तोंडातली टाचणी पडली. डायरीत 34 लिहिलं होतं. आता 32 आहे, म्हणजे 81 सेंटीमीटर, 80 पेक्षा एक जास्त होते, तर होऊ द्या. वजन 58, 59, कधी 60. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाचा आकडा, आपल्याकडच्या लोकांसाठी 23 च्या आत पाहिजे म्हणतात, त्याला मी 55 वर जायला पाहिजे. जात नाही. 55 वर राहायचं तर मला दुसरं काही काम करता येणार नाही.

दोन वेळचं जेवण सोडलं, सकाळी एक भाकर खाते कारण पाच किलोमीटर चालून आल्यावर उपाशी कॉम्प्युटरवर बसली की चिडचिड होते आणि लोकांच्या दाखल्यात चुका होतात. जास्त फरक तेलानं पडला. आमच्या घरी पाच माणसाला महिन्याला पाच लिटर लागत होतं, आता तीनात भागवते. झुणका तेल पितो हे खरं आहे पण त्याला पाजायचं किती ते आपल्या हातात, तेलाच्या एका ग्रॅममधी 9 कॅलरी, पिठाच्या ग्रॅममधी 4 च्या आसपास. तर्री मात्र सोडली नाही, सणावाराला खातेच, त्यासाठी शिव्या घालायच्या तर घाला.

अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंद ठेवतात ज्यांनी साडेतेरा किलोच्या वर उतरवलं आणि वर्षभर तरी टिकवलं. तिथं पण जादूबिदू काही नाही, बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज तासभर व्यायाम करतात, जास्त करून चालणंच. मी वाचलं आणि म्हटलं हे तर सोमवारची डायरी आणि पिशवी. तिथं त्यासाठी मोठमोठे प्रोफेसर बसले, इथं उषाची एक पायमशीन.

परवा लग्नातलं ते ब्लाऊज काढलं आणि उलटं करून पाहिलं. आत तीन शिलाया. एक जुनी उसवलेली, तिची नुसती भोकं राहिली, एक पांढऱ्या दोऱ्याची कारण त्या दिवशी तुमचा मरून दोरा संपला होता, आणि एक नंतर परत आत घेतलेली. चार वर्षात मी कितीदा जाड झाली आणि कितीदा बारीक झाली ते सगळं तिथं आहे, आणि बाहेरून कोणाला दिसत नाही. मी कापून टाका म्हटलं होतं ते कापड अजून आत तसंच आहे, कडेनं जरा उसवलंय.

तुमच्या डोळ्याचं मात्र पहा काकू. सुईत दोरा ओवायला आता मला हाक मारता ते ठीक आहे, पण मोतीबिंदूचं शिबिर ग्रामीण रुग्णालयात असलं की मी नाव टाकणार आहे, तेव्हा मशीन चालू करून बसायचं नाही.

सोमवारी येते. निळ्या ब्लाऊजची बाही थोडी काचून राहिली, पण आधी कंबर मोजा, बाहीचं मग पाहू.