लाल टेस्ट पुन्हा चालवू नका, दुरुस्त करा

महोदय,

संगणकक्षेत्राच्या बातम्यांत नवी उत्पादने आणि नोकरकपात यांना भरपूर जागा मिळते. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांची अवस्था काय आहे, यावर सहसा कोणी लिहीत नाही. चाचण्या लिहिणे हाच माझा व्यवसाय असल्याने हे पत्र.

आमच्या क्षेत्रात एक घातक सवय रुजली आहे. ऑटोमेटेड टेस्ट (सॉफ्टवेअर नीट चालते का, हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम) लाल, म्हणजे फेल झाली, की कारण न शोधता ती पुन्हा चालवायची आणि हिरवी, म्हणजे पास झाली की नवा कोड मर्ज करून (मुख्य कोडमध्ये मिसळून) मोकळे व्हायचे. अशा कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टना आम्ही 'फ्लेकी' म्हणतो. आपल्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा असल्याचे गूगलने २०१६ मध्ये सांगितले होते, म्हणजे हे दुखणे नवख्यांपुरते नाही. पण रीरनची, म्हणजे पुन्हा चालवण्याची चटक लागलेली टीम खरा बग आला तरी तेच बटण दाबते.

वास्तविक प्रत्येक फ्लेकी टेस्टला कारण असते. आमच्या प्रकल्पातली बिलाची मुदत तपासणारी एक टेस्ट फक्त रात्रीच्या बिल्डमध्ये (सगळा कोड जुळवून टेस्ट चालवण्याच्या फेरीत) पडायची. ती आजची तारीख दोनदा विचारत होती, एकदा बिल बनवताना आणि एकदा उत्तर ताडून पाहताना. मध्ये बारा वाजून गेले की दोन्ही तारखा वेगळ्या! खऱ्या घड्याळाऐवजी तिला एक ठरावीक तारीख पुरवली आणि प्रश्न मिटला. दुसरी एक टेस्ट सगळ्यांबरोबर पास व्हायची आणि एकटी चालवली की पडायची, कारण तिला लागणारा युजर आधीची टेस्ट डेटाबेसमध्ये सोडून जात असे. टेस्टचा क्रम मुद्दाम उलटसुलट करून चालवला की अशी छुपी नाती लगेच उघडी पडतात. स्क्रीनवरचे बटण उशिरा दिसते म्हणून 'स्लीप'चे (नुसते थांबून राहण्याचे) सेकंद वाढवत नेणे हा तर उपायच नव्हे. बटण दिसेपर्यंत थांबायचे, असे कोडमध्येच लिहावे.

टेस्टच्या मांडणीकडेही असेच लक्ष हवे. डेटाबेसला न शिवणाऱ्या झटपट टेस्ट प्रत्येक कमिटला (कोडमधला बदल नोंदवताना) चालाव्यात, ब्राउझर उघडणाऱ्या संथ टेस्ट वेगळ्या ठेवाव्यात. बेभरवशाच्या टेस्ट बाजूला काढून प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत लिहावी. मुदतीत दुरुस्त झाली नाही तर ती काढून टाकावी. 'टेस्टचा आकडा कमी होईल' म्हणून वरिष्ठ याला नाही म्हणतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

नुसत्या टेस्ट असून भागत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. टेस्ट तिथेही होत्या. कंपनीच्याच अहवालानुसार मूल्यांसाठी एकवीस फील्ड (जागा) ठरवलेली होती, पण एकविसाव्या फील्डमध्ये टेस्ट करताना 'काहीही चालेल' असा वाइल्डकार्ड असायचा. त्यामुळे प्रोग्रामला प्रत्यक्षात वीसच मूल्ये पुरवली जातात, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रकल्पप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. एकूण टेस्ट किती, हे विचारणे थांबवा. या आठवड्यात किती टेस्ट पुन्हा चालवून हिरव्या केल्या ते विचारा, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात) हक्काचा वेळ द्या.

– एक सॉफ्टवेअर चाचणी अभियंता