निशिकीच्या बाजारातून

क्योतो, २८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

काल मी इथल्या घरच्या मंडळींबरोबर निशिकी बाजारात गेले होते. फोनवर घाईघाईने सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले, कारण आई, तुझ्यासाठी घेतलेल्या एका वस्तूची हकीकत त्यात आहे.

निशिकीला इथले लोक 'क्योतोचे स्वयंपाकघर' म्हणतात. लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांच्या छपराखाली सुमारे ३९० मीटर लांबीची ही अरुंद गल्ली आहे आणि तिच्यात शंभराहून अधिक दुकाने आहेत. इथले नवे वर्ष १ जानेवारीलाच सुरू होत असल्यामुळे या दिवसांत तिथे मुंगीलाही शिरायला जागा नसते. मी ओकासानच्या (इथे आईला असे म्हणतात आणि मीही त्यांना तशीच हाक मारते) मागोमाग चालत होते. पुढे आजी होत्या. हातात यादी नव्हती, तरी कोणत्या दुकानातून काय घ्यायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

खरेदी होती 'ओसेची'ची, म्हणजे नव्या वर्षाच्या पदार्थांची. हे पदार्थ आधीच करून डब्यांच्या चळतीत भरून ठेवतात, म्हणजे वर्षाचे पहिले तीन दिवस स्वयंपाकाला विश्रांती मिळते. मला लगेच आपली शिळासप्तमी आठवली. प्रत्येक पदार्थामागे काही अर्थ असतो. काळ्या सोयाबीनला 'कुरोमामे' म्हणतात आणि त्यातल्या 'मामे'च्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ कष्टाळू असाही होतो, म्हणून वर्षभर हातपाय चालते राहावेत यासाठी ते खायचे. कमळाच्या कंदाला आरपार छिद्रे असतात, त्यामुळे पुढचे स्पष्ट दिसते. आजींनी ती चकती डोळ्यासमोर धरून मला हे समजावले, तेव्हा त्यांचे नव्वदीकडे झुकलेले वय क्षणभर पुसले गेले.

भाजीच्या दुकानात 'एबिइमो' नावाचा कंद पाहिला. वाकडा आकार आणि अंगावरचे पट्टे यांमुळे तो कोळंबीसारखा दिसतो म्हणून हे नाव. पण ती आपली अळकुडीच आहे, बाबा! जरा मोठी आणि बांधेसूद, एवढाच फरक. शेजारी लालबुंद गाजरे रचली होती. पुढच्या दुकानात ओकासाननी कोम्बू हे समुद्री शेवाळ जास्तीचे घेतले. इथल्या बहुतेक रश्शांत वाळवलेल्या माशाचा अर्क असतो; माझ्यासाठी मात्र पांढऱ्या मिसोतले (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि गोल मोचीचे (तांदळाच्या चिकट वड्यांचे) 'झोनी', म्हणजे नव्या वर्षाचे सूप, केवळ कोम्बूच्या पाण्यात करायचे, हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकले होते. मला भरून आले आणि नीट आभारही मानता आले नाहीत.

परतताना आम्ही आरित्सुगु या सुऱ्यांच्या दुकानात गेलो. हे घराणे १५६० पासूनचे. आरंभी ते तलवारी घडवत. विकत घेतलेल्या सुरीच्या पात्यावर इथे छिन्नी-हातोडीने नाव कोरून देतात. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात ना, अगदी तसेच. आई, तू विळीवरच चिरतेस हे ठाऊक असूनही मी तुझ्यासाठी एक लहान सुरी घेतली, फळांसाठी आणि कोथिंबिरीसाठी. तुझ्या नावातला 'ळ' त्यांच्या लिपीत नाही, त्यामुळे 'र'च्या अक्षरावर भागवावे लागले. कारागिराने ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले, स्वतः हळू आवाजात उच्चारले आणि मगच हातोडी उचलली. विमानात ती जवळ बाळगता येत नाही, म्हणून येताना मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून आणीन.

आता एक काम. चिंच-गुळाची अळकुडीची भाजी करून घालीन असे मी आजींना कबूल केले आहे, पण तू अळकुड्या आधी उकडतेस की सालासकट वाफवतेस, ते मला आठवत नाही. इथे गूळ मिळणार नाही, त्याऐवजी ओकिनावाची काळी साखर वापरली तर चालेल का, हेही कळव. ३१ तारखेच्या आत निरोप आला तर बरे होईल.

आजीला साष्टांग नमस्कार सांगा.

तुमची लाडकी लेक