टोक धरणारी कडी

विटा, जि. सांगली

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

आज मिरजेत आईची अकरावी लाईट, म्हणजे कॅन्सरवरचे किरण, देऊन झाली. येताना तासगावच्या पुढं तिचा डोळा लागला, म्हणून एसटीत तू पाठवलेलं कू प्रोटीनचं चित्र मोबाईलवर मोठं करून बघत बसलो.

फोनवर तू म्हणालीस, कू प्रोटीन म्हणजे पेशीतले अण्णाच, मी मागावर सूत सांधतो तसा डीएनएचा तुटलेला धागा सांधणारे. पोरी, हे काही मला पटलं नाही. सांधणारा वेगळा, त्याचं नाव तूच लायगेज सांगितलंस. मागावर सूत तुटलं की आधी गाठ मारत नाहीत, आधी टोक हुडकून चिमटीत धरतात. नाही धरलं तर पीळ सुटतो, शेजारच्या धाग्यांत गुंततो आणि वीतभर कापड वाया जातं. कू हे काम करतं.

तसं बघितलं तर चिमूटही नव्हे, कडीच ती. कू-70 आणि कू-80 ही दोन प्रोटीनं एकमेकांत गुंतलेली; खाली रुंद पाळणा, त्यात डीएनएचे दोन पीळ बसतात, वरून बारीक कमान. ही कडी आधीपासून बंदच. मग सलग धाग्यावर मधेच ती चढणार कशी? तुटकं टोक सापडलं तरच ओवली जाणार. कुठं तुटलंय हे तिला कुणी सांगायलाच नको! शिवाय ती धरते बाहेरचा कणा, आतली डीएनएची अक्षरं वाचत बसत नाही, त्यामुळं धागा कुठंही तुटला तरी तिचं अडत नाही. हा आकार 2001 साली कळला म्हणालीस. तेव्हा तू पाळण्यात होतीस.

पुढं बाकीची प्रोटीनं येतात, टोकं समोरासमोर आणतात आणि लायगेज जोडतो. त्यात कधी दोन-चार अक्षरं गळतात. आमचाही सांधा व्यापाऱ्याच्या बोटाला लागतोच की. जुळी प्रत समोर ठेवून तंतोतंत दुरुस्त करणारं ते रॅड-51 मात्र अजून डोक्यात शिरलेलं नाही.

आईला मी एवढंच सांगितलं, की लाईट मुद्दाम धागे तोडते. रोज थोडीथोडी देतात, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या पेशी बरंचसं सांधून घेतात, कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींना तेवढं साधत नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या मागावर रात्रपाळी चालू आहे म्हणा की." आठवड्याभरानं हसली ती.

एक विचारायचं राहिलं. धागा जोडून झाला की बंद कडी त्यावर अडकणारच. तिच्यावर खूण डकवतात आणि पी-97 नावाचं प्रोटीन तिला ओढून काढतं, असं तू परवा म्हणालीस. मग ओढताना नवा सांधा कसा उसवत नाही? रविवारी येशील तेव्हा कागदावर काढून दाखव. आणि सकाळची गाडी धर, आई जेवायची थांबते.

तुझे अण्णा