ज्वारीचे दाणे आणि आजीचा हात

पुणे,
रविवार, रात्रीचा दीड

प्रिय गड्या,

तुझी ज्वारी पोचली तेव्हाच लिहायचं होतं, पण तेव्हापासून एडिटिंगच्या खुर्चीतून उठलेलो नाही. आज पहिल्यांदा गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहिलं. तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

गाणं तू ऐकलं आहेस, वर्गातल्या पोरांनी बांधलेलं, जात्यावरचं. अर्धं चित्रण गावी आजीकडे केलं. ती जातं ओढतेय, पीठ सांडतंय, डावीकडच्या दारातून ऊन आत आलंय. बाकी सगळं तुझ्या मालदांडी ज्वारीचं. काळ्या घोंगडीवर दाणे मांडायचे, वर बांधलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, दाणे काडीने जरासे सरकवायचे, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे ४० सेकंदांना ४८०. चार रात्री लागल्या. फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप वाढताना असंच एकेक फ्रेम करून टिपलं होतं. हे शाळेत वाचलं होतं, पण त्याला किती धीर लागला असेल ते आत्ता कळतंय.

दुसऱ्या रात्रीचे सगळे फोटो मात्र पुन्हा काढावे लागले. एडिटला लावले तर चित्र लुकलुकत होतं. दिवे तेच, कॅमेरा मॅन्युअलवर, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. एकेक फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उमगलं. त्या रात्री माझ्या अंगात पांढरा शर्ट होता. मी कधी टेबलाला खेटून उभा, कधी दोन पावलं मागे, आणि शर्टावरून परतलेला उजेड दर फोटोत कमीजास्त होत होता. मग काळा टी-शर्ट घातला आणि दर वेळी त्याच फरशीवर उभं राहून सगळं नव्याने काढलं.

पुढचं तुला तबलजी म्हणून आवडेल. गाण्याची लय मिनिटाला ९० ठोके. आम्ही सेकंदाला २४ फ्रेमवर काम करतोय, म्हणजे एका ठोक्याला बरोबर १६ फ्रेम. प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकतो, म्हणून ठोक्याला आठ फोटो. दर आठव्या फोटोला दाण्यांचं वर्तुळ एक झटका घेतं आणि तो थेट ठोक्यावर पडतो. २५ फ्रेम धरल्या असत्या तर हा हिशेब बसलाच नसता.

खरं अडलं ते जोडावर. ठरलं होतं असं: आजीचं जातं फिरतंय, कट, तिथेच दाण्यांचं वर्तुळ फिरतंय, मग ते फुटतं, दाणे कडेला पळतात आणि रिकामी घोंगडी उरते. जोडून पाहिलं तर आजीचा हात घड्याळाच्या उलट आणि दाणे सुलट! डोळ्याला ठेच लागत होती. चित्र आरशासारखं पालटलं तर दिशा जुळली, पण सावल्या दुसऱ्या बाजूला गेल्या. दाराचं ऊन डावीकडून आणि दाण्यांवरचा उजेड उजवीकडून. दोन तास तसाच बसलो. मग फोटोंचा क्रमच उलटा लावला. दिशा जुळली, सावल्या जागेवर राहिल्या, आणि फुटणारं वर्तुळ आता जमत होतं. चहूकडून दाणे धावत येतात, गोल धरतात, फिरू लागतात. मग कटही उलटा केला: आधी दाणे, नंतर आजी. गाणं आता रिकाम्या घोंगडीवर नाही, तिच्यावर संपतं. माझ्या मते तेच बरोबर आहे.

तरी दाण्यांची अडखळती चाल आणि तिच्या हाताची सलग चाल शेजारी आली की दोन वेगळी जगं वाटत होती. म्हणून आजीच्या शॉटच्या पहिल्या दोन सेकंदांत एकाआड एक फ्रेम काढून टाकली आणि आधीची दोनदा धरली. हात आधी दाण्यांसारखा हिसके देत फिरतो आणि मग एकदम सुटतो. तिच्या बांगड्या खाली घसरतात ना, नेमकं तिथे.

ज्वारी निवडून डब्यात ठेवली आहे, दिवाळीला घेऊन येतो. गुरुवारी कॉलेजात फाईल द्यायची आहे, तुला आजच पाठवतोय. पहिल्यांदा आवाज बंद करून बघ. दाणे जाऊन आजी येते तिथे जोड दिसला तर सेकंद लिहून कळव. काकूंनाही दाखव, त्यांनी जातं ओढलेलं आहे.

तुझाच