लेर्नाची कौलं

नाफ्प्लिओ, ग्रीस
रविवार, रात्री

प्रिय मिल्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होतो आणि मोबाईल ४ टक्क्यांवर, म्हणून रिप्लाय दिला नाही, शिव्या घालू नकोस. मायसीनी, म्हणजे ते प्राचीन ग्रीक शहर, परवा बघून झालं. सिंहांचा दरवाजा भारीच आहे, पण तो तू फोटोत हजारदा बघितलायस. मला सांगायचंय लेर्नाबद्दल.

हरक्युलीसने नऊ तोंडांची नागीण हायड्रा मारली ती जागा. एक मुंडकं उडवलं की दोन उगवायची, आपल्या रक्तबीजाचीच बहीण म्हण. शेवटी त्याचा पुतण्या इओलाओस पलिता घेऊन उभा राहिला, काकाने मुंडकं उडवलं की हा लगेच तिथे डाग द्यायचा. एक मुंडकं अमर होतं, ते धोंड्याखाली गाडून टाकलं. काही लोक म्हणतात हायड्रा म्हणजे इथली दलदल, एक झरा बुजवला की शेजारी दोन फुटतात, आणि कोकणात विहिरीचं काम बघितलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

आर्गोस शहराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर मीली नावाचं गाव आहे, लेर्ना तिथेच, नावाचा अर्थच गिरण्या, कारण पाणी भरपूर. बसवाल्याने मला पुढच्या स्टॉपला उतरवलं, मग संत्र्याच्या बागांच्या कडेने उन्हात मागे चालत आलो. मी आपला भयाण दलदल बघायच्या तयारीत, आणि समोर काय तर कुंपण, गवत आणि एक मोठी शेड! आत माझ्याशिवाय एक मांजर. खरं सांगू, पहिली पाच मिनिटं तोंड पडलंच होतं.

पण त्या शेडखाली जे आहे ना, त्याला म्हणतात कौलांचं घर. साधारण सव्वाचार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे मायसीनीचे राजेबिजे यायच्याही कितीतरी आधीचं. १९५२ ते १९५८ मध्ये जॉन कॅस्की नावाच्या अमेरिकन माणसाने खणून काढलं. पंचवीस मीटर लांब, बारा रुंद, खाली दगडाचा पाया, वर कच्च्या विटा, दुमजली, आणि छपरावर भाजक्या मातीची कौलं! आपल्या मंगलोरीसारखी खाचांची नाहीत, नुसती चपटी चौकोनी. आणि बाहेरच्या भिंतीला लागून काय असेल सांग? लाल मातीचा ओटा. पागोळीच्या आत, सावलीत. मी तिथे उकिडवा बसून बघतच राहिलो रे, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी संध्याकाळी इथे टेकून गप्पा छाटत असणार, आत काम चालू असताना.

काम चालूच होतं म्हणे. काही खोल्यांत गिलावा गुळगुळीत करून झालेला, काहींत नुसता पहिला हात, त्यावर फणीने ओढल्यासारख्या रेघा, पुढचा थर धरायला. आणि त्यातच घर जळालं. एका छोट्या खोलीत मातीवर उमटवलेले मोहरांचे शंभरावर ठसे मिळाले, पेट्यांवर, रांजणांवर लावलेले, आगीत भाजले गेले म्हणून टिकले. लोथलला म्युझियममध्ये आपण बघितले होते ना, तेही वखारीच्या आगीतच भाजलेले आणि काळही साधारण तोच. तेव्हा तू म्हणाला होतास की हे सरकारी सील आहे, तेच इथेही डोक्यात आलं.

आता खरी गंमत. जळाल्यावर लोकांनी तिथे लगेच दुसरं घर नाही बांधलं. राखेचा, विटांचा ढिगारा गोल सारखा केला, कडेने दगडांची रांग लावली आणि सोडून दिला. का, कोण जाणे. मला तर हायड्रापेक्षा हेच जास्त भुताटकीचं वाटलं.

तलावाचं राहिलंच. अल्क्योनिया. ग्रीकांचा मद्याचा देव डायोनिसस इथूनच पाताळात उतरला म्हणे, आईला आणायला. रोमन सम्राट नीरोने दोरांना शिसं बांधून खोली मोजायचा प्रयत्न केला, तळ लागला नाही, असं पौसानियस नावाच्या जुन्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय. मला तो तलाव काही सापडला नाही, गेट बंद व्हायची वेळ झाली आणि तिकिटवाल्या बाईंनी चाव्या वाजवून बाहेर काढलं.

बरं, आजोळच्या घराचं काय ठरलं? खरंच पत्रे टाकतोयस? टाक बाबा, दरवर्षी शाकारायला माणसं मिळत नाहीत हे मलाही कळतं. पण जुनी कौलं फेकू नकोस, चारपाच माझ्यासाठी बाजूला काढून ठेव. आणि ओटा तोडायला माणूस बोलावला असशील तर आधी मला फोन कर.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सुध्या