अण्णांचा ताप

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, पत्र नाही. फोनवरही नुसतं 'बरं आहे ना' एवढंच. रागावला असशील तर तुझा हक्क आहे. माझी शुगर ठीक, आईचे गुडघे तसेच.

परवा सकाळी दादाकडे गेलो होतो. तो आत पडलेला. कारखान्यातून फोन आला, वहिनीनं तो सोन्याच्या हातात दिला. बारा वर्षांचं पोर आवाज बारीक करून म्हणालं, "साहेब, पप्पांना ताप आहे. रात्रीपासून उतरला नाही." फोन ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बाळ्या, माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास."

अण्णांच्या पेढीच्या पायरीवर मी काय म्हणायचो, आठवतंय ना? तू सायकल धरून उभा असायचास. 'रात्रीपासून' हा शब्दसुद्धा तोच. मला आईनं चुलीपाशी बसवून शिकवलेला. सोन्याला विचारलं, तुला कुणी शिकवलं? म्हणाला, "आजीनं."

बी. कॉम.च्या वर्षी तू आमच्या अंगणात उभा राहून म्हणालास, "काकू, अण्णांना ताप नाही, ते प्यालेत." आईनं तुला हाकललं आणि मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. गणपतीत तू मंडळात झांजा वाजवत होतास आणि मी आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून लांबून बघत होतो. (ताल तुझा तेव्हाही चुकायचा, ते सोड.) आज लिहून देतो, तूच खरं बोलला होतास.

दिवाळीत आम्ही दादाला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. म्हटलं, आपोआप सुटेल. तिसऱ्या दिवशी त्याचे हात लटलटायला लागले, भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून ओरडायला लागला. डॉक्टर आमच्यावरच भडकले. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर फिट येते, जीवही जातो. ती औषधं देऊन, नजरेखाली सोडवावी लागते. तेव्हाच कळलं की वहिनी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याच्या आमटीत गुपचूप दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी घालायची. त्या गोळीवर दारू पडली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणसाला ठाऊक असल्याशिवाय ती द्यायचीच नसते. वहिनी ढसाढसा रडली. तिला तरी कुणी काय सांगितलं होतं?

मी डॉक्टरांना विचारलं, अण्णांचं दादात उतरलं का? म्हणाले, धोक्यातला साधारण निम्मा वाटा रक्तातून येतो. उरलेल्याचं काय, हे मी विचारलं नाही. उरलेल्यात आम्हीच आहोत रे. बारची उधारी मी भागवतो, ओकलेलं वहिनी पुसते, आळीत काय सांगायचं ते आई ठरवते. रात्री काय केलं ते दादाला सकाळी कधी बघावंच लागलं नाही. अण्णांनाही नाही. मी थेंबालाही शिवलो नाही, याचा मला केवढा अभिमान! पण त्या घरात माझीही नोकरी ठरलेली होती, झाकायची. परवा सोन्या त्याच नोकरीला लागला.

तुझी बदली टळली का? धाकटीची बारावी कशी गेली? कळव.

आणि एक काम कर. येरवडा तुला जवळ आहे. तिथल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन ये, अवचट पतिपत्नींनी १९८६ साली सुरू केलेलं. तिथे ३५ दिवस राहावं लागतं असं ऐकलंय. जागा कधी मिळेल विचार. घरच्या माणसांनाही बोलावतात का, हे आधी विचार. वहिनीला आणायचंय, मलाही यायचंय. हे फोनवर सांगायला गेलो असतो तर आवाज फुटला नसता.

उद्या सोमवार. दादा उठणार नाही, हे आत्ताच दिसतंय. मी सातलाच तिकडे जाऊन बसणार आहे. फोन आला की मी घेणार आणि सोन्याला शेजारी बसवणार, म्हणजे साहेबांना मी काय सांगतो ते त्यालाही ऐकू येईल.

तुझा,
बंड्या